पावसाचा पाहुणा : तिबोटी खंड्या

आपल्या वस्त्यांतील कुटुंबे सुट्टीच्या दिवशी बाहेर पडली म्हणजे चौपाटी, राणीची बाग किंवा एखाद्या नातेवाइकाचे घर एवढीच ठिकाणे ठरलेली असतात. रानात जावे, झाडाखाली तासभर गप्प बसावे आणि पाखरे पाहावीत, हा विचार आपल्याकडे फारसा रुजलेला नाही. त्याचे कारण उघड आहे. पाखरे पाहणे हा मोटार, भारी कॅमेरा आणि रिकामा वेळ असणाऱ्यांचा छंद आहे, अशी आपली समजूत झाली आहे. आठवड्यातून एकच सुट्टी मिळणाऱ्याने, त्यातही घरचे बाजारहाट आणि रेशन उरकणाऱ्याने हा वेळ आणावा कुठून, असा प्रश्न कुणीही विचारील आणि तो खराही आहे. तथापि मुंबई, ठाणे, नवी मुंबई या भागांत राहणाऱ्या कामगार कुटुंबास लोकलचे तिकीट आणि एस.टी.चे भाडे एवढ्या खर्चात एका दिवसात जाऊन येता येईल, असे एक रान आहे. त्या रानात पावसाळ्याच्या दिवसांत असे एक पाखरू येते की, ते पाहण्यासाठी दूरदूरची माणसे येतात. रानाचे नाव कर्नाळा आणि पाखराचे नाव तिबोटी खंड्या. या दोघांची ओळख वाचकांना करून द्यावी, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

कर्नाळ्याची वाट

हार्बर मार्गाच्या लोकलने शेवटचे स्टेशन पनवेल गाठावे. पनवेलच्या एस.टी. स्थानकातून पेण-अलिबागकडे जाणाऱ्या गाड्या मिळतात. मुंबई-गोवा महामार्गाने सुमारे बारा किलोमीटर गेले की, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकाएकी गर्द झाडी सुरू होते. हेच कर्नाळा पक्षी अभयारण्य. वर मान करून पाहिले तर डोंगराच्या माथ्यावर अंगठ्यासारखा उभा सुळका दिसतो. तो कर्नाळा किल्ल्याचा सुळका. किल्ल्याखालून पूर्वी बंदरांकडून घाटावर जाणाऱ्या व्यापाराची वाट जात असे आणि तिच्यावर नजर ठेवण्यासाठी हा किल्ला होता. आज त्या वाटेच्या जागी मालाने भरलेले ट्रक धावतात.

सन १९६८ मध्ये या रानाला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. सुरुवातीस त्याचे क्षेत्र साडेचार चौरस किलोमीटरच्या आतच होते. २००३ मध्ये ते वाढवून बारा चौरस किलोमीटरच्या थोडे वर नेण्यात आले. क्षेत्राच्या मानाने हे रान लहानच. परंतु दीडशेहून अधिक जातींचे पक्षी येथे नोंदले गेले आहेत. आजूबाजूला ठाकर आणि कातकरी समाजाच्या वाड्या आहेत. पावसाळ्यात या वाड्यांतील बाया रस्त्याच्या कडेला रानभाज्या, काकड्या घेऊन बसतात. सहलीला जाणाऱ्यांनी त्यांच्याकडून जरूर खरेदी करावी. घासाघीस करू नये.

२०२४ च्या जुलै महिन्यातील एका रविवारी आमच्या मंडळाच्या वतीने वस्तीतील मुलांची आणि महिलांची सहल आम्ही या ठिकाणी नेली होती. आम्ही एकूण छत्तीस जण होतो. पैकी एकवीस मुले. प्रत्येकाने घरून भाकरी, चटणी, पाण्याची बाटली घेतली होती. एका शिक्षक मित्राने दुर्बीण दिली होती. छत्तीस जणांत एक दुर्बीण, म्हणून ज्याने पाहिले त्याने दहा अंक मोजून ती पुढच्याला द्यायची, असा नियम मुलांनीच केला आणि दिवसभर पाळला.

कामकऱ्यांच्या नावांचे पक्षी

रानात शिरल्यावर मुलांना प्रथम पक्ष्यांची मराठी नावे सांगितली. ही नावे ऐकून मुलांना मोठी गंमत वाटली आणि आम्हांसही पुन्हा एकदा त्यांचा अर्थ नव्याने जाणवला. लाकूड ठोकणारा तो सुतार. पाने शिवून घरटे करणारा तो शिंपी. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा टुक्‌-टुक्‌ आवाज करणारा तो तांबट. पाण्याकाठी शेपटी आपटत फिरणारा तो परीट. काळा कुळकुळीत, इतरांच्या घरट्यांची राखण करतो म्हणून कोतवाल. आणि पाण्यात सूर मारून मासा धरणारा तो धीवर, म्हणजेच आपला खंड्या. ज्यांनी ही नावे ठेवली ती माणसे हाताने काम करणारी होती. आपापल्या धंद्याची ओळख त्यांनी पाखरांत पाहिली. एका मुलीने विचारले, “काका, यांच्यात मोठा कोण नि लहान कोण?” आम्ही म्हणालो, “बाळ, यांच्यात ज्याचे त्याचे काम आहे. तो भेद पाखरांना ठाऊक नाही.”

खंड्याच्या अनेक जाती आहेत. पांढऱ्या छातीचा, निळ्या पाठीचा खंड्या तर आपल्या वस्तीजवळच्या नाल्यावरील विजेच्या तारेवरही बसलेला दिसतो. काळा-पांढरा कवड्या खंड्या तळ्यावर हवेत एका जागी फडफडत थांबतो आणि दगडासारखा खाली पडून मासा उचलतो. तिबोटी खंड्या मात्र या भाऊबंदांहून वेगळा. त्याला उघडे तळे नको, तार नको. दाट झाडीची सावली आणि त्या सावलीतून वाहणारा ओहोळ, हेच त्याचे घर.

केवढासा जीव!

तिबोटी खंड्या चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत अवघा तेरा सेंटिमीटर भरतो. म्हणजे चिमणीहूनही लहान. वजन चौदा ते एकवीस ग्रॅम. वाचकांनी दहा रुपयांची दोन नाणी तळहातावर ठेवून पाहावीत. एवढ्याशा जिवावर किती रंग असावेत? पोट पिवळेधमक, हळद माखल्यासारखे. डोके नारिंगी, त्यावर जांभळट झाक. पाठ आणि पंख गडद निळे-काळे, त्यांत चमकदार निळे ठिपके. मानेच्या बाजूला पांढरा आणि निळा डाग. चोच आणि पाय लालभडक. शेपटी इतकी आखूड की, चोच मोठी आणि मागे पाखरू चिकटवले आहे असे वाटावे.

याच्या नावातच याची ओळख आहे. चिमणी, कावळा, कबुतर यांच्या पायाला चार बोटे असतात, तीन पुढे आणि एक मागे. या खंड्याला पुढे दोन आणि मागे एक अशी तीनच बोटे आहेत, म्हणून तो तिबोटी. शास्त्रज्ञांनी त्याला ‘सेयक्स एरिथाका’ असे नाव दिले आहे. स्वीडनचे शास्त्रज्ञ लिनिअस यांनी १७५८ मध्ये या पक्ष्याची शास्त्रीय नोंद केली. सेयक्स हे एका ग्रीक कथेतील राजाचे नाव. तो समुद्रात बुडाला आणि पुढे तो व त्याची पत्नी दोघेही खंड्या पक्षी झाले, अशी ती कथा आहे. कथा म्हणून ती ऐकावी. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते हे की, भारत, श्रीलंका, म्यानमार, थायलंड, मलेशिया अशा अनेक देशांतील ओल्या रानांत हा पक्षी आढळतो आणि कोकणात तो पावसाबरोबर येतो. रायगड जिल्ह्याने तर त्याला जिल्हापक्षी म्हणून मान दिला आहे.

मुलांनी रंगांबद्दल एक चांगला प्रश्न विचारला. पाखराचा निळा रंग पावसात धुऊन का जात नाही? याचे उत्तर मोठे मनोरंजक आहे. आपण पांढऱ्या कपड्यांना नीळ देतो तो रंग कापडाला लागलेला असतो आणि हळूहळू उतरतो. पक्ष्यांच्या पिसांतील निळा रंग बहुतेक असा लागलेला नसतो. पिसाची अंतर्गत रचना इतकी बारीक असते की, तीवर प्रकाश पडला म्हणजे त्यातील निळा भाग तेवढा आपल्या डोळ्यांकडे परततो. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात, पण साबणाच्या पाण्यात ते नसतात, तसाच काहीसा हा प्रकार. म्हणून सावलीत हेच पाखरू काळपट दिसते आणि उन्हाची तिरीप आली की ठिणगी पडल्यासारखे चमकते.

एकशे बावीस दिवसांचा हिशेब

आम्ही पेशाने कारकून. जमाखर्च मांडल्यावाचून आमचे समाधान होत नाही. तेव्हा या पाखराच्या संसाराचा हिशेबही वाचकांपुढे मांडतो.

मे महिना संपत आला, आभाळ भरून येऊ लागले की तिबोटी खंड्या दक्षिणेकडून कोकणात उतरतो. पावसाळाभर येथे राहून पिल्ले वाढवतो आणि पाऊस सरला की परत फिरतो. जून, जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर या चार महिन्यांचे दिवस होतात एकशे बावीस. एवढ्या मुदतीत त्याला जोडीदार मिळवायचा असतो, घर खोदायचे असते, अंडी उबवायची असतात आणि पिल्ले उडती करायची असतात.

पावसाळाच का, याचे उत्तर कोकणात राहिलेल्या माणसास सांगावे लागणार नाही. उन्हाळ्यात कोरडे पडलेले ओहोळ जूनमध्ये वाहू लागतात. बेडूक, खेकडे, गोगलगायी, नाकतोडे, चतुर, पाली, सापसुरळ्या यांची रानात रेलचेल होते आणि हेच या खंड्याचे अन्न. शिवाय पावसाने ओहोळाकाठची माती मऊ होते. ती खोदणे चोचीला सोपे जाते.

तिबोटी खंड्या काटक्यांचे घरटे बांधत नाही. ओहोळाच्या किंवा रस्त्याच्या कडेच्या उभ्या मातीच्या दरडीत तो आडवे बीळ खोदतो. चोचीने माती उकरायची आणि पायांनी मागे ढकलायची. हे बीळ एक मीटरपर्यंत लांब असू शकते. तेरा सेंटिमीटरच्या जिवाने एक मीटर खोदायचे, म्हणजे साडेपाच फूट उंचीच्या माणसाने तोंडाने चाळीस फूट लांब बोगदा खणण्यासारखे आहे. आमच्यासोबत एक गृहस्थ होते, त्यांनी आयुष्यभर केबल टाकण्यासाठी रस्ते खणण्याचे काम केले आहे. ते म्हणाले, “भाऊ, कुदळ हातात असून एका दिवसात किती खणून होतं ते आम्हाला ठाऊक आहे. याला आपला सलाम.”

बिळाच्या शेवटी मादी चार-पाच पांढरी अंडी घालते. अंधारात शत्रूच्या डोळ्यांपासून लपवण्यासाठी अंड्यांना रंगाची गरज नसते. नर आणि मादी दोघेही आळीपाळीने अंडी उबवतात. सतरा दिवसांनी पिल्ले बाहेर येतात आणि वीस दिवसांनी उडून जातात. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेच्या अभ्यासकांनी तेथील घरट्यांवर लक्ष ठेवून केलेल्या नोंदी २००९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांतून या पक्ष्याच्या कोकणातील संसाराची माहिती जगास मिळाली. म्हणजे सतरा अधिक वीस, एकूण सदतीस दिवस. त्यात जोडी जमण्याचे आणि बीळ खोदण्याचे दिवस मिळवा. पहिले घरटे काही कारणाने बुडाले तर ही जोडी दुसऱ्यांदा प्रयत्न करते. पण जुलैच्या अखेरीस घरटे मोडले तर पुन्हा सारे मांडीपर्यंत सप्टेंबर उजाडतो. तिसऱ्या प्रयत्नाला खात्यावर दिवसच शिल्लक राहत नाहीत. त्या वर्षीची पिल्ले गेली ती गेली.

हा हिशेब एवढ्या विस्ताराने सांगण्याचे कारण, पुढे जे घडले ते त्याशिवाय नीट कळणार नाही.

ओहोळाकाठी

अभयारण्यात दुपारपर्यंत फिरून आम्ही बरेच पक्षी पाहिले, पण तिबोटी खंड्या दिसला नाही. एकदा ओहोळावरून बारीक, तीक्ष्ण शीळ ऐकू आली आणि काहीतरी सपकन निघून गेले, एवढेच. मुले हिरमुसली. परतीच्या वाटेवर एका वाडीतील माणसाने सांगितले की, अभयारण्याच्या हद्दीबाहेर, वाडीकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यालगतच्या ओहोळाच्या दरडीत त्याचे बीळ आहे. मुले आनंदाने तिकडे धावली.

तेथे गेलो तो आधीच सात-आठ मंडळी जमलेली. लांबच लांब कॅमेरे तिकाटण्यांवर लावून सर्वजण बिळापासून जेमतेम दहा-बारा फुटांवर बसले होते. चित्र स्वच्छ यावे म्हणून कुणीतरी बिळासमोरची झुडपे कोयत्याने साफ केली होती. ताज्या तोडलेल्या फांद्या बाजूला पडल्या होत्या. आणि समोरच्या करवंदीच्या जाळीत, फांदीवर, ते पाखरू बसले होते. चोचीत पाल धरलेली. ते मान खाली-वर करी, बिळाकडे बघे, उडण्याच्या बेतात येई आणि पुन्हा बसे. आम्ही घड्याळ पाहिले. वीस मिनिटे झाली तरी ते बिळात शिरले नाही. कॅमेऱ्यांची कटकट मात्र अखंड चालू होती.

आमच्या मुलांना ते दिसत होते, पण पुढे माणसांची भिंत असल्यामुळे नीट दिसत नव्हते. दुर्बीण घेऊन पुढे जावे म्हणून ती हट्ट करू लागली. तेवढ्यात लाकडाची मोळी डोक्यावर घेतलेली वाडीतील एक आजी रस्त्याने आली. तिने क्षणभर पाहिले, मोळी खाली टाकली आणि मोठ्याने म्हणाली, “आरं, बाजूला व्हा की! आत त्याची पोरं उपाशी हायेत. घास तोंडात घेऊन कवाचं बसलंय ते.”

कॅमेरेवाल्यांपैकी एकाने, “आजी, आम्ही काही करत नाही त्याला,” असे उत्तर दिले. आजी म्हणाली, “तुमी दारात बसलाव, हेच की ते करनं.”

या एका वाक्यापुढे बोलण्यासारखे काही उरले नाही. आमच्या महिला मंडळाच्या ताई पुढे झाल्या आणि मुलांना म्हणाल्या, “चला रे, आपण आधी मागे जाऊ.” मुलांसाठी ही सोपी गोष्ट नव्हती. दोन महिने खाऊचे पैसे साठवून ती आली होती. ज्यासाठी आली ते पाखरू समोर होते आणि ते न बघता मागे फिरायचे होते. एक लहानगा तर रडू लागला. पण सगळी मुले मागे सरली आणि रस्त्याच्या वळणापलीकडे, आंब्याच्या झाडाखाली जाऊन बसली. एकवीस मुले निमूटपणे उठून गेलेली पाहून कॅमेरेवाल्यांपैकी दोन तरुणही उठले. त्यांनीच इतरांना समजावले. थोडी कुरकुर झाली, पण अखेर सर्वांनी तिकाटण्या उचलल्या आणि ते बरेच अंतर मागे आले.

पाच मिनिटेही झाली नसतील. पिवळी-निळी रेघ ओढावी तसे ते पाखरू जाळीतून निघाले आणि दरडीत नाहीसे झाले. आत पिल्लांची कुरकुर दुरूनही ऐकू आली. क्षणात ते रिकाम्या चोचीने बाहेर पडले आणि ओहोळावरून खाली निघून गेले. आमच्या मुलांनी पाहिले ते एवढेच. पण रडणारा लहानगा आता टाळ्या वाजवीत होता आणि त्याला गप्प करावे लागत होते.

पदवी नसलेला पक्षितज्ज्ञ

पक्षी पाहण्यास शिक्षण किंवा पैसा लागतो असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी डॉ. सालिम अली यांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्यांचा जन्म १८९६ मध्ये मुंबईत झाला. त्यांनी दावर्स कॉलेजमध्ये व्यापारी कायदा आणि हिशेबशास्त्र यांचे शिक्षण घेतले. आम्हीही कॉमर्सवाले, त्यामुळे हे वाचून आम्हांस विशेष आपुलकी वाटली. विद्यापीठाची रीतसर पदवी नसल्यामुळे त्यांना प्राणिशास्त्राच्या सरकारी खात्यात पक्षितज्ज्ञाची जागा मिळाली नाही. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून ते १९२६ मध्ये लागले. पुढे जर्मनीत अभ्यास करून १९३० मध्ये परत आले तो ती जागाच बंद झाली होती. हातात नोकरी नाही, अशा स्थितीत ते याच रायगड जिल्ह्यातील, त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातील, अलिबागजवळच्या किहीम गावी जाऊन राहिले. तेथे त्यांनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचे रोज निरीक्षण केले. त्या अभ्यासाने त्यांचे नाव झाले. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे पुस्तक निघाले आणि १९७६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. या सगळ्याच्या मुळाशी होते ते एका जागी शांत बसून पाहणे आणि पाहिले ते लिहून ठेवणे. या दोन्ही गोष्टींना पैसे पडत नाहीत.

दरड आणि जेसीबी

तिबोटी खंड्याला धोका केवळ कॅमेऱ्यांचा नाही. त्याचे घर मातीच्या उभ्या दरडीत असते आणि आज कोकणात सर्वांत जास्त कापली जाते ती हीच दरड. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या चौऱ्याऐंशी किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले. रस्ता रुंद होणे ही लोकांची गरज आहे, अपघातात माणसे मरतात, त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु गावोगावी ओहोळांच्या काठांना सिमेंटच्या भिंती घातल्या जातात, नाले सरळ केले जातात, बंगल्यांसाठी उतार सपाट होतात, तेव्हा बीळ खोदण्याजोगी माती उरत नाही. पाखरू दरवर्षी शेकडो मैल उडून येते आणि घराच्या जागी सिमेंट पाहते. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी आपली झोपडी पाडलेली पाहिली आहे, त्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

दुसरा धोका काचेचा. अनेक पक्षी स्थलांतर रात्री करतात. हा खंड्याही त्यांपैकीच. रात्रीच्या झगझगीत दिव्यांनी पाखरे भुलतात आणि काचेच्या इमारतींवर आदळतात. आपल्यातील कित्येक बंधू अशा इमारतींत पहारेकरी आहेत, कित्येक भगिनी सफाईच्या कामावर आहेत. सकाळी पायऱ्यांवर निपचित पडलेले पाखरू प्रथम त्यांच्याच दृष्टीस पडते. ते मेले असे समजून कचऱ्यात टाकू नये. पुष्कळदा ते केवळ बधिर झालेले असते. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोके पाडून त्यात मऊ कापडावर ठेवावे, खोके झाकून अंधाऱ्या, शांत जागी ठेवावे. तोंडात पाणी ओतू नये, खाऊ घालू नये. तास-दोन तासांत ते सावध झाले तर मोकळ्या झाडीत सोडावे. न झाल्यास वनविभागाच्या जवळच्या कार्यालयास कळवावे.

कायदाही या पाखराच्या बाजूचा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य पक्ष्यांची अंडी फोडणे, अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे हे शिकारीतच मोडते. ही गोष्ट मुलांनाही सांगून ठेवावी.

आपण काय करावे?

ओहोळाच्या, गटाराच्या, रस्त्याच्या कामावर खणणारे हात बहुतेक आपलेच असतात. जेसीबीवरही आपलाच मुलगा असतो. जून ते सप्टेंबर या काळात दरडीत मूठभर गोल बीळ दिसले आणि त्यातून पाखराची ये-जा दिसली, तर मुकादमास सांगावे की, एवढा चार हात तुकडा ऑक्टोबरपर्यंत राहू द्या. काम अडत नाही, ते दुसऱ्या टोकाने सुरू करता येते. गावी ज्यांची घरे आहेत त्यांनी ग्रामपंचायतीत हा विषय काढावा. ओहोळाच्या दोन्ही काठांना सिमेंट घालण्याऐवजी एक काठ मातीचा ठेवता येईल का, हे विचारण्यास कुणाची भीती बाळगण्याचे कारण नाही.

सहलीला जाणाऱ्यांनी भडक रंगाचे कपडे टाळावेत, रेडिओ आणि मोबाइलवरची गाणी बंद ठेवावीत, माकडांना खाऊ घालू नये आणि प्लास्टिकचा एक तुकडाही मागे सोडू नये. बीळ सापडलेच तर शंभर पावले मागे थांबावे. पाखराने चोचीत घास धरला असून ते बिळात शिरत नसेल, तर आपण फार जवळ आहोत असे समजावे आणि आणखी मागे जावे. बिळाचा ठावठिकाणा मोबाइलवरून गावभर करू नये.

आणि ज्यांना कर्नाळ्यापर्यंत जाणे जमत नाही त्यांनी आपल्या वस्तीपासूनच सुरुवात करावी. शाळेच्या वहीची उरलेली पाने शिवून एक छोटी वही करावी. रोज शाळेत जाताना कोणते पाखरू, कुठे, किती वाजता दिसले ते मुलांनी तीत लिहावे. चिमणी, साळुंकी, बुलबुल, घार, नाल्यावरचा पांढऱ्या छातीचा खंड्या, एवढ्यांनीही पहिले पान भरून जाईल. आमच्या वस्तीतील त्या एकवीस मुलांपैकी नऊ जणांनी अशा वह्या केल्या आहेत. त्यांतील एकीने नाल्यावरच्या खंड्याची सलग तीन महिन्यांची नोंद ठेवली आहे. तिची आई चार घरची धुणीभांडी करते. ती मुलगी आता आईला रोज संध्याकाळी वही वाचून दाखवते आणि आई दमून आली तरी ती ऐकते.